गाडीच्या गळ्यात बांधलेला भोंगा

कसबा बावडा,
१४ फेब्रुवारी २००६

चि. विजयसिंह यास मामाचा आशीर्वाद. आत्ताच घेऊन ठेव, पत्र संपेपर्यंत मनात शिल्लक राहील की नाही सांगता येत नाही. इकडं सगळी खुशाल. तुझ्या मामीचा गुडघा बरा आहे. कान तेवढे गेले, तेही तुझ्यामुळं.

दिवाळीला पुण्याहून आलास, 'मामा, आता चोराला किल्लीसुद्धा लागत न्हाय' म्हणून घाबरवलंस, आणि माझ्या गाडीला तो अलार्म बसवून गेलास. अरे, आमच्या गाडीला किल्ली लावून वर चार माणसांनी ढकलावं लागतं; चोर ती चार माणसं आणणार कुठनं? (रिमोट जिवापाड जपा म्हणालास. जपतो. अंघोळ सोडली तर कमरेपासून हलवलेला नाही.) हे यंत्र आधी पोलिसासारखं ओरडतं, मग अँब्युलन्ससारखं, मग आगीच्या बंबासारखं. कारखान्याच्या भोंग्याला निदान वेळकाळ तरी आहे. शेजारचा ज्ञानू परवा भोंगा झाला समजून अर्ध्या भाकरीवरनं उठला आणि शिफ्टला पोचलासुद्धा. मला वाटलं म्हैस गाडीला पाठ घासते, म्हणून तिला परड्यात बांधली. मग कावळ्यावर संशय आला. (काठी घेऊन सकाळभर कट्ट्यावर पान खात बसलो.) तरी बोंब आहेच!

रविवारी तर अब्रूच गेली. आपल्या क्रांतीला बघायला राधानगरीचे गणपतराव मुलाला घेऊन आलते. तीन स्थळांना नाक मुरडलेली पोरगी याचा फोटो बघून पहिल्यांदा गप्प बसलेली, म्हणजे समज. गणपतरावांनी शिक्षण विचारलं, मी पान लावायला कमरेची चंची सोडली, आणि गाडी बोंबलली. मी ओरडलो, 'बी.कॉम.!' ते म्हणाले, 'बिनकाम?' सगळे अंगणात पळालो. रिमोट राहिला आत सोप्यात. आठ बाप्ये गाडीभोवती उभे राहून एकमेकाला अक्कल शिकवत होते. शेवटी क्रांतीनं ओढणी खोचली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार उपटली. पावण्यांदेखत! काळ्या हातांनी तिनं चहा दिला, त्यांनी तो घेतला आणि 'कळवतो' म्हणून गेले. पोरगी तेव्हापासून जेवताना मान वर करत नाही. तेव्हा पहिल्या एस्टीनं राधानगरी गाठ, आणि चूक तुझी हाय, पोरीची न्हाय, असं त्यांच्या दारात उभं राहून सांग.

तुझा (सध्या नाइलाजानं) मामा,
हंबीरराव

ता.क. चोर सापडला. मामीनं पकडला. रिमोट मी चंचीत ठेवतो; अडकित्ता काढताना त्याचं बटण दाबलं जातं. म्हशीची माफी मागितली. तू वयानं लहान, तुझी मागत नाही.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवताना गणपतरावांचा फोन आला. होकार! मुलगा म्हणतोय, आठ बाप्यांना जे जमलं न्हाय ते हिनं एका हिसक्यात केलं, करीन तर हीच. क्रांती 'व्हय' म्हणाली आणि दोन भाकरी जास्त जेवली. राधानगरीला जाऊ नकोस. येताना जावयाच्या गाडीसाठी असलाच एक अलार्म आण. फक्त रिमोट चंचीत मावणार नाही एवढा मोठा बघ. गणपतरावही पान खातात.