पलीकडचं दुखणं

३ तारीख, सोमवार

आलो एकदाच्या! मी आणि वन्सं. गाडीतून उतरताना वन्संनी माझ्या सामानाकडे बघून विचारलं, की दोन महिन्यांसाठी आलीस की कायमची नांदायला? मी म्हटलं, तुमच्याबरोबर नांदूनच तर कंबर गेली माझी. दारातला रखवालदार तोंड फिरवून हसला.

जागा झकास आहे. बैठं, लांबट रुग्णालय. मधे चहाची खोली, डावीकडे एक दालन, उजवीकडे एक. खिडक्या ऐसपैस, चादरींना कडक इस्त्री. पडद्यांची टीप मात्र वाकडी मारली आहे. वीस वर्षं कापड बेतणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटणार होय?

डॉक्टरांनी नीट समजावलं. जुनाट दुखण्याची आम्ही तीस माणसं. निम्म्यांना सूज उतरवणारी पांढरी गोळी, निम्म्यांना अफूच्या जातीची पिवळी. आठ आठवड्यांनी बघायचं, सरस कोणती. चिठ्ठ्या उचलल्या. माझ्या कंबरेच्या नशिबी पांढरी आली, वन्संच्या मोडून जुळलेल्या खुब्याला पिवळी. म्हणजे त्या उजव्या दालनात आणि मी डाव्या. जाता जाता म्हणाल्या, की चला, तुझ्या घोरण्यातून सुटले.

रोज वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. वाटलं तर खाली दोन ओळी. दोन ओळींत भागेल ती मी कसली! आजचा आकडा सहा.

६ तारीख, गुरुवार

आकडा पाच. पांढरी गोळी भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर आत आग पडते. दुखणं जात नाही, पण जरा सरकून बसतं. आज वाकून चपला घातल्या. शेजारच्या खाटेवर गवंडीकाका आहेत. गुडघे दोन्ही गेले, तोंडात औषधालाही दात नाही, पण जिभेला धार अशी की ऐकत राहावं.

दुपारी चारला चहा. तेवढा वेळ दोन्ही दालनं एकत्र बसतात. वन्सं काठी न घेता आल्या! आकडा विचारत फिरणारी नर्स आहे, तिचं नाव आम्ही आकडेबाई ठेवलंय. तिला वन्संनी दोन सांगितला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडी जळलेही.

११ तारीख, मंगळवार

वन्सं गोड बोलायला लागल्यात. मला हे अजिबात आवडलेलं नाही.

मुद्दाम त्यांच्या केसांच्या रंगावरून टोमणा मारला, तर म्हणतात, बरोबर आहे गं तुझं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या या नणंदेनं मला एकदाही बरोबर म्हटलेलं नाही. आमचं भांडण हेच आमचं बोलणं. आता सारखं अंग खाजवतात, बोलता बोलता डुलकी लागते, चार दिवस पोट साफ नाही. आकडेबाईचं म्हणणं, त्या गोळीनं एवढं व्हायचंच. आकडा परत तीनवर गेला म्हणून मात्रा वाढवणार आहेत. माझी पावलं जरा सुजली, तर माझी लघवी तपासायला धावले, आणि तिकडे एक आख्खी बाई पातळ होत चाललीय तिचं कुणाला काही नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज भलतंच घडलं.

चहा घेताना माझा डावा तळहात एकदम पोळला. किंचाळून कप टाकला. बघते तर हाताला काही नाही. मग समोर बघितलं. वन्सं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर डावा तळहात टेकून उभ्या होत्या आणि गवंडीकाकांशी हसून बोलत होत्या. मी धावत जाऊन हात ओढला. कातडी भांड्यालाच राहिली. त्यांनी हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, अगंबाई, लागलं वाटतं.

आकडेबाईनं पट्टी बांधली आणि आकडा विचारला. वन्संनी शून्य सांगितला. तिनं शून्य लिहिला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजलेल्या बाईचा शून्य लिहिताना लाज कशी वाटत नाही, असं सगळ्यांसमोर विचारलं. ती म्हणाली, की विचारायचं आणि लिहायचं एवढंच तिचं काम. मी माझ्या वहीत तळहात, आठ, असं लिहिलं होतं. तुमच्या हाताला काहीच झालेलं नाही, म्हणून तिनं ते खोडलं.

१७ तारीख, सोमवार

गवंडीकाका सकाळपासून गाल धरून विव्हळताहेत. म्हणे दाढ दुखते. तोंडात एक दात नाही आणि दाढ दुखते! सगळं दालन खो खो हसलं. मी नाही हसले.

चहाला उजवीकडच्या एकेकाला तोंड उघडायला लावलं. पाचवे निघाले ते निवृत्त पोस्टमास्तर. गाल टम्म फुगलेला, हिरडीतून पू येतोय, आणि हा गृहस्थ मला विचारतोय, कशा आहात.

म्हणजे त्यांचं दुखणं जात नाही. इकडे येतं. ज्याला अजून जाणवतं, त्याच्याकडे येतं.

डॉक्टरांना सांगितलं. पेन टकटक वाजवत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की दोन्ही दालनांच्या आकड्यांत फारच सुंदर फरक पडलाय. पडेल नाहीतर काय होईल मेल्यांनो, त्यांचंही आम्हीच सोसतोय!

२० तारीख, गुरुवार

पहाटेपासून बेंबीभोवती दुखतंय. माझं दुखणं मी ओळखते, इतकी वर्षं पोसलंय. हे माझं नाही. दुपारपर्यंत ते उजवीकडे खाली सरकलं. माझ्या भावाचं अपेंडिक्स असंच सुरू झालं होतं.

चहाला वन्संना विचारलं, पोट दुखतंय का? नाही गं, छान आहे. सकाळपासून दोनदा ओकल्या होत्या, जेवण तसंच पडलेलं, कपाळ तव्यासारखं. आकडेबाई म्हणे, गोळीनं मळमळतं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, की त्यांच्या पोटाला एकदा हात लावून बघा. तर डॉक्टरांनी मला आडवं केलं. माझं पोट दाबलं, माझं रक्त काढलं, माझी सोनोग्राफी केली. सगळं ठीक आहे म्हणाले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

ह्यांना फोन केला. सख्ख्या बहिणीचा प्रश्न आहे, धावत येतील वाटलं. ह्यांनी वन्संना फोन द्यायला लावला, दोघं खूप हसले. मग मला म्हणाले, की ताईला एवढी आनंदी मी जन्मात बघितली नाही, तू कशाला खोडा घालतेस? फोन मीच आपटला.

२१ तारीख, शुक्रवार

दहा. सरळ उभी राहता येत नाही.

गवंडीकाकांनी सकाळी पिवळी मागून घेतली. म्हणाले, माफ कर पोरी, दुसऱ्याची दाढ किती सोसू. आता छताकडे बघून हसताहेत. काकांकडे पोस्टमास्तरांचं यायचं, माझ्याकडे वन्संचं येतं; वन्संचं जाणवणारी मी एकटीच. मला दुखतंय तोवर त्यांच्या पोटात काय चाललंय ते निदान कुणाला तरी ठाऊक आहे.

चहा बंद केला. मी गोंधळ घालते म्हणे. उजव्या दालनाला कुलूप. दारावर लाथा घातल्या. बाहेरून वन्संना येतील तेवढ्या शिव्या दिल्या. रागावू देत, एकदा तरी खेकसू देत, म्हणजे शुद्धीवर येतील. आतून आवाज आला, जेवलीस का गं?

तिथंच बसून रडले.

शुक्रवार, दुपार

डॉक्टर येऊन गेले. मलाही पिवळी द्यायची ठरलीय. आठ दिवस माझे आकडे चढते आहेत, सोसायला लावणं अमानुष आहे म्हणे. अमानुष! हा शब्द यांच्या तोंडी!

पहिली गोळी थुंकले. दुसरी थुंकले. मग दोघांनी दंड धरले आणि सुई —

दुखू द्या, म्हणत होते मी. दुखू द्या!

पटापट लिहिते. ही वही कुणीतरी वाचेल. उजवं दालन, खिडकीजवळची खाट. पोट, उजवीकडे खाली. दाबा आणि सोडा. मघाशी आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, एकदम हलकं, मग सगळ्या पोटभर — माझं नाही, त्यांचं. लगेच कापायला न्या. त्या शून्य सांगतील. ऐकू नका —

आठ.

सहा. अजून आहे. आहात ना वन्सं? धरून ठेवलंय मी —

हरामखोरांनो, एकेकाला मी —

चार. राग सोडायचा नाही. राग आहे तोवर — कुणीतरी दार वाजवतंय वाटतं. नाही, मीच पाय आपटतेय —

दोन.

चादर किती मऊ आहे.

आकडेबाई आली होती. चांगली आहे बिचारी, उगीच बोलले तिला. विचारत होती, तुम्हाला मघाशी काही सांगायचं होतं का? होतं खरं. उजवीकडे कुणालातरी काहीतरी —

घाईचं होतं वाटतं. आठवलं की लिही —