आरती आमच्यापासून सुरू झाली

ऋषिपंचमी, १९९४, गडब

आज गावाची घरोघर फिरणारी गणपतीची आरती पहिली आमच्या घरी झाली! दरवर्षी ती वरच्या आळीत तात्या पाटलांकडून निघते आणि हायवेलगतच्या आमच्या घरी सगळ्यांत शेवटी येते. तोवर सगळ्यांचे घसे बसलेले, अर्धी माणसं जेवायला पळालेली.

आज कामावरून माणसं आणणारी कंपनीची बस उशिरा आली. आरती म्हणणारे सगळे त्याच बसमध्ये, आणि बस थांबते आमच्या दारात. शेजारचा मधूकाका उतरल्या उतरल्या आईला म्हणाला, "वैनी गो, वर जाऊन परत खाली कोण येतंय? हितनंच सुरू करू."

आईने निरांजनात वातसुद्धा घातली नव्हती! आमची पाळी इतक्या लवकर कधी येते? मी घाईघाईने कापूस वळायला बसले, तर झांजा घेऊन तात्या स्वतःच दारात. झालं, पहिल्या आरतीचा मान त्यांचा, आता भांडण! पण ते मला म्हणाले, "वात झाली काय गो? मंडळी थांबलीत."

कॉलेजात समाजशास्त्राचे सर धर्म एका तासाला शिकवतात, कामधंदा दुसऱ्या तासाला. आज दोन्ही आमच्या ओटीवर एकत्र टाळ्या वाजवत होते. सरांना सांगितलंच पाहिजे!

पण उद्या बस वेळेवर आली तर?

आईने उद्याची वात आत्ताच घालून ठेवलीय.