लूमखात्याच्या खुणा

मोरोगोरो, टांझानिया
१४ मे १९९२

तीर्थरूप बाबा,

आलेली पत्रं घरी आई मोठ्याने वाचते, म्हणून हे मी टाकणार नाही. तिला लिहिलंय की ट्रेनिंग एकदम बढिया चाललंय.

पाच दिवस झाले. सकाळी आम्हा व्हॉलंटियरांना स्वाहिली शिकवतात आणि दुपारनंतर एकेकाला एकेका घरी सोडतात. मी नीमाबाईंकडे आहे. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. सच्ची सांगते, इतकी गप्प मी आयुष्यात बसले नव्हते.

काल जेवताना ठसका लागला आणि पाण्याचा शब्दच आठवेना. अंगठा आपोआप ओठांशी गेला, तुमच्यासारखा. लूमखात्यात मागांच्या धडधडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही मिलमध्ये खुणांनी बोलायचात, आणि घरीही तसंच पाणी मागायचात. मैत्रिणी आल्या असल्या की मला लाज वाटायची. नीमाबाईंनी लगेच ग्लास भरला.

मग त्यांनी मी सोबत आणलेल्या तुमच्या फोटोकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी दोन मुठी जुळवल्या आणि हळूच उघडल्या. लूम बंद.

मिलला कुलूप लागलं त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून हीच खूण केली होती. मी पुस्तकातून मान वर करून म्हणाले होते, "बाबा, ठीक से बोला ना, काय ते!" तुम्ही वाकून चपला काढल्या.

मला कळलं होतं, बाबा. तेव्हाच कळलं होतं.

तुमची,
अनू