न पुरलेले तारामासे

नालवाडी, वर्धा
९ फेब्रुवारी २००३

प्रिय धर्मेंद्र,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. हाताची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. मागच्या रविवारी समुद्रपूरला तुझ्या घरी गेलतो. बाबा मजेत आहेत. "आमचा पोरगा अंदमानात समुद्र साफ करून राह्यला," असं दुकानात येईल त्याला सांगतात. इकडे माझ्या आईचे गुडघे दुखतात, तरी तिने माझ्या नोकरीचे पेढे घरोघरी नेऊन दिले. उद्या, सोमवारी, कॉलेजात रुजू व्हायचं होतं. आपल्या प्रवाळ वाचवायच्या प्रकल्पाचा दाखला पाहूनच त्यांनी मला घेतलं.

हरिदासबद्दल मला काय वाटतं, असं तू विचारलंस. पूर्वेच्या प्रवाळाच्या खडकावर ते प्रवाळ खाणारे काटेरी तारामासे पसरले, तिथेच तळाशी आपली तारामासे भरायची पोती रिकामी सापडली, आणि पोती वाहणारी होडी त्याची, म्हणून त्याला कामावरून काढलं. यावर मी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की माणसाचा भरवसा नसतो.

धर्मेंद्र, त्या दिवशी हरिदास होडीत नव्हताच.

माझा शेवटचा दिवस आठव. तारामाशाचा काटा हातात रुतून तू तापाने पडला होतास. निघताना मला बजावलंस, "कापू नको, पाण्यात टाकू नको. भरतीच्या रेषेच्या वर खोल खड्डा कर, चुना टाक, पूर." हरिदासच्या मुलीला उलट्या होत होत्या. मीच त्याला म्हटलं, तू घरी जा, होडी ठेव, मी पुरतो. तो माझे हात धरून गेला.

मी खणायला लागलो. हातभर खाली दगड लागला. दुसरीकडे खणलं, तिथेही तेच. तळहात फुटले. चारला पोर्ट ब्लेअरची बोट होती. ती चुकली असती तर कॉलेजची मुलाखत गेली असती. तारामाशांची पोती सकाळपासून उन्हात पडलेली, मला वाटलं, निम्मे तर मेलेलेच असतील. होडीत घातली, टोकाला वळसा घालून पूर्वेला नेली आणि पाण्यात उपडी केली. घाईत तीन पोती हातातून सुटली.

पाणी नितळ होतं. खाली निळं, जिवंत प्रवाळ दिसत होतं. एक तारामासा त्याच्यावर उलटा पडला. मी पाहत होतो. त्याने एक एक बाहू वळवला, सरळ झाला आणि चालू लागला. मी तरीही होडी वळवली. परत येऊन वहीत लिहिलं, "सर्व पुरले." खाली सही केली.

हरिदासने माझं नाव घेतलं नाही का? की घेतलं, आणि माझी सही पाहून तुम्ही त्याचं ऐकलं नाही? बारा दिवस माझ्या डोक्यात हेच घोळत आहे. जेवण जात नाही. आई पेढ्याचा डबा पुढे करते आणि मी उठून अंगणात जातो.

परवा तिने धरलंच. "काऊन रे, कोणाले मारून आला का तू?" मी सगळं सांगितलं. तिला तारामासा काय हे माहीत नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग त्या माणसाच्या घरी चूल कशी पेटून राह्यली?" मी म्हटलं, आई, खरं सांगितलं तर ही नोकरी जाईल. तिने पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "जाऊ दे. मी वाटलेले पेढे वापस मागायले नाई जात कोणाच्या घरी."

काल कॉलेजात जाऊन दाखला परत केला आणि कारण लिहून दिलं. प्रकल्पाच्या ऑफिसला सही करून रजिस्टर पत्र टाकलं. आता मागे घ्यायची सोय उरली नाही, म्हणूनच तुला लिहायचा धीर झाला.

उद्या मी चेन्नईची गाडी धरतो, तिथून जहाज मिळेल ते. खडक माझ्याने पुन्हा जिवंत होणार नाही, तुम्हाला काय वाटेल तेही माहीत नाही. हरिदासला कामावर घ्या. तो माझं तोंड पाहायला तयार नसला तर मी किनाऱ्यावरच थांबेन. मला कुणी तारामासे उचलायचा लोखंडी आकडा हातात दिला तर ते वेचेन, दिला नाही तर खड्डे खणेन.

मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते आधी त्याला म्हणायचं आहे.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

रत्नदीप