रजिस्टरात नसलेल्या बायका

३ डिसेंबर, मंगळवार
आमच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये जहांआराची दोन बोटं रोलरमध्ये गेली. उजव्या हाताची. आणि ठेकेदार भगवंतराव म्हणतो काय — "जहांआरा नावाची बाई माह्या रजिस्टरात नाही!" नसेलच! ती जावेच्या, मलिहाच्या, गेटपासवर येते. हजेरी मलिहाची लागते, राबते जहांआरा. मीही तशीच. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून, तीन वर्षं, त्यांच्या पासवर. "अन्नपूर्णा!" पुकारलं की "हाव" मी म्हणते. कोण कोणाच्या नावावर आहे हे भगवंतरावाला तोंडपाठ आहे. मेला खोटारडा!

५ डिसेंबर
जळगाव जामोदहून चिंतामणकाका आले. सगळं आयुष्य युनियनमध्ये गेलं त्यांचं. म्हणाले, "युनियन काढा, पोरींनो. मंग असं हात झटकता येत नाही त्याले. सात सह्या पाह्यजेत. पण रजिस्टरातल्या."
साठ बायका आहोत. सहाच पुढे आल्या. बाकीच्या घाबरल्या, नाही तर माझ्यासारख्या दुसऱ्याच्या नावाच्या. अर्ज भरणारी मी, बारावी पास, आणि मलाच सही करता येत नाही! पेन आपटलं. निब वाकली.

६ डिसेंबर
माघार घेणार नाही. लिहून ठेवते.

८ डिसेंबर, रविवार
'अन्नपूर्णा' अशी सही ठोकून द्यावी असं मनात आलं. काका भडकले. "खोट्या सहीवर युनियन काढतं काय?" बरोबर आहे त्यांचं. तरी चीड येतेच.
सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. परवापर्यंत त्यांचं एकच — "काऊन पुढं पुढं करून राह्यली? चूप राह्य." आज म्हणाल्या, "आण इकडं तो कागद. नाव माहं हाय नं?" पाच मिनिटं लागली त्यांना सही करायला. मी रडले. मग ओरडले — सात!
काका हसले. "नाव तिचं, सही तिची. म्हणू दे आता त्याले खोटी!"

१७ डिसेंबर
उद्या कामगार कार्यालयाचे साहेब सह्या तपासायला येणार. भगवंतरावानं गेटवर अडवलं. "अर्ज मागं घे, नाही तर पास रद्द करतो." म्हटलं, "करा. पास माझा नाहीच!" आणि सरळ आत गेले.

१८ डिसेंबर
सासूबाई ऑटोनं आल्या. साहेबांनी नाव पुकारलं. "हाव, मीच."
भगवंतराव उसळला — "खोटं हाय, साहेब! या म्हातारीनं तीन वर्षांत मिलचं तोंड पाह्यलं नाही! हिच्या नावावर ही हिची सून समीक्षा राबून राह्यली!"
साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि मलिहाच्या नावावर कोण राबत होतं?"
भगवंतराव रजिस्टर चाळू लागला. साठ बायकांनी एकदम नाव सांगितलं.
सासूबाईंची सही बाद झाली. मी इथं राबते हे आता भगवंतरावाच्याच तोंडून लिहिलं गेलं होतं, म्हणून तिथं मी माझी केली. आठवी जहांआराची — डाव्या हातानं.