बाबांच्या खाटेखालचा सिलेंडर

ती. आईस,

धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत?

काल इथे परदेशातही अग्निशमन दलाचा माणूस घरोघर तपासणी करत आला. मी तुझीच लेक! तुझ्यासारखाच, शेजारीण मागायला येऊ नये म्हणून भरलेला सिलेंडर पलंगाखाली आडवा लपवला होता. त्याने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, यावर झोपता तुम्ही?"

इथला नियम असा, की प्रोपेनचा, म्हणजे आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या गॅससारख्याच गॅसचा, सिलेंडर घरात ठेवायचाच नाही. बाहेर मोकळ्या हवेत, उभा, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली जमिनीलगत साचतो. माझा सिलेंडर आता मागच्या अंगणात साखळीने बांधलाय. शेजारणीला तो रोज दिसणार, पण इलाज नाही.

मी आपली त्याच्याशी वाद घालत होते, "गळला तर वास येईलच की!" तो म्हणाला, "ज्याला वास येतो, त्याला."

आई, मागे दूध करपून पातेलं काळं झालं तरी बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते, हे तू फोनवर हसत सांगितलंस. मीही हसले होते. काल मात्र हसू येईना.

त्यांना डॉक्टरांकडे ने. पण आधी त्यांच्या खाटेखालचा सिलेंडर बाहेर काढा. तू उचलू नकोस, कंबर धरेल, दादाला सांग. आणि शेजारच्या काकूंनी मागितला, तर खुशाल देऊन टाक.

तुझी,
धाकटी