खुर्चीमागची पिन

३ मार्च, सोमवार

कबूल करते, ताईने ही वही हातात ठेवली त्याला अकरा दिवस झाले आणि आज ती पहिल्यांदा उघडली. रोज ठरवायचे, आज लिहायचंच. मग पेन सापडायचं नाही, आणि पेन सापडलं की झोप यायची. ताईच्या घरी राहायची अट साधी आहे: नोकरी टिकवायची आणि चार ओळी लिहायच्या. म्हणजे मी कुठून, कधी आणि का पळाले ते निदान मला तरी कळेल, असं तिचं म्हणणं. तिच्या मते तीन वर्षांत मी सात नोकऱ्या सोडल्या. खरं तर सहाच, फुलांच्या दुकानातून मला काढलं होतं. (फुलांचा दोष नव्हता. तो वेगळा किस्सा.)

तर ही आठवी. हवाई युद्धाचा गेम बनवणारी कंपनी, तिसरा मजला, मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. काम काय, तर विमान उडवायचं आणि पाडायचं. डोंगरावर आपट, समुद्रात घाल, धावपट्टीवर उलटं उतरव, आणि जे चुकीचं दिसेल ते लिहून दे. शाळेत ज्यासाठी वर्गाबाहेर काढायचे त्यासाठी इथे खुर्ची देतात! आमच्या साहेबांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते आमच्या तक्रारींवर लाल पेनाने शेरे मारतात. त्यांचा नियम एकच: चूक तीनदा घडवून दाखवली तरच ती चूक, नाहीतर तो तुमचा भास.

शेजारच्या टेबलावर सुतार बसतो. आडनाव नव्हे, कॉम्प्युटरवर विमानं घडवतो म्हणून सुतार. सध्या त्याच्याकडे निर्यातीचं लढाऊ विमान आहे. एका देशाने बनवलेलं, दुसऱ्याला विकलेलं. मूळ विमान गेममध्ये आधीपासून आहे. सुतार म्हणाला, विकताना आतल्या चांगल्या चांगल्या गोष्टी काढून घेतात. मी म्हटलं, म्हणजे घर विकताना पंखे काढून नेतात तसं. तो इतका हसला की त्याच्या कपातला चहा कीबोर्डवर सांडला. छान सुरुवात आहे.

६ मार्च, गुरुवार

हे विमान माझ्याच वाट्याला आलं. चाचणीची खोली म्हणजे एक साधी चाकांची खुर्ची, समोर तीन पडदे, हातात दांडा, पायाशी दोन पट्ट्या, कानांवर हेडफोन. विमान वळवलं की दांडा हातात जड होतो. बोटांना गंमत वाटते.

हेडफोनमध्ये वैमानिकाचा श्वास ऐकू येतो. इतका खरा की मी एकदा मागे वळून पाहिलं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, खराच आहे तो. विकलेल्यांपैकी एक विमान समुद्रात पडलं होतं. त्यातल्या ब्लॅक बॉक्समधलं, म्हणजे नोंदीच्या पेटीतलं सगळं, दांडा कधी कसा हलला ते आणि आतले आवाज, विमान बनवणाऱ्या कंपनीने आपल्याला दिलं, म्हणजे आपलं विमान हुबेहूब उडेल. आणि वैमानिक? तो गेला. ओढलं की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, ते बाहेर पडायचं हँडल त्याने ओढलंच नाही, भीतीने हात गोठला, असं चौकशीत ठरलं. हे त्यांनी कुणाचा तरी फोन नंबर सांगावा तसं सांगितलं.

भित्रा म्हणून नाव राहिलं बिचाऱ्याचं. मला शाळेत असंच एकदा... जाऊ दे, विषय भलतीकडे चालला.

१० मार्च, सोमवार

दोन तक्रारी लिहून दिल्या.

पहिली: विमान पाण्यात पडतं, पडदे काळे होतात, पण श्वास थांबत नाही. मी एकटी असताना दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा मास्तरांना हेडफोन दिला तर चिडीचूप. त्यांनी लाल पेनाने लिहिलं, भास.

दुसरी: पडद्यावरचं बाहेर पडायचं हँडल ओढलं तर काही होत नाही. ही मात्र तिन्ही वेळा त्यांच्यादेखत घडवली. त्यावर शेरा, ‘आहे ते ठीक आहे’, आणि तक्रार बंद. का, तर प्रत्येक स्क्रू त्या कंपनीने पाहून मंजूर केलाय, आता कशालाही हात लावायचा नाही.

मी तक्रार पुन्हा उघडली. त्यांनी बंद केली. जेवणाच्या सुट्टीआधी असं सहा वेळा झालं. सातव्यांदा स्वतः येऊन विचारलं, तू ऐकत का नाहीस गं? मी म्हटलं, तुम्ही तीनदाचा नियम केलात, मी पाळला, आता तुम्ही पाळा. सुतार खाली बघून चहा ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती.

११ मार्च, मंगळवार

समुद्रावर चाळिसाव्या सेकंदाला दांडा आपोआप हलतो. मी हात काढून पाहिला. हलतोच. नोंदीतलीच हालचाल असेल, असं स्वतःला समजावलं आणि हात परत ठेवला. तेव्हा माझ्या हातावर हात होता.

गार नव्हता, गरम होता. घामेजलेला.

मी श्वास रोखला. हेडफोनमधलाही थांबला. माझा सुटला, तसा तोही सुटला. भर दुपार होती, खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, बाहेर कुणीतरी छपाईच्या यंत्राला शिव्या देत होतं.

घरी ताईने माझे खांदे पाहिले. दोन्हीकडे चार बोटं रुंद वळ, पट्टे आवळल्यासारखे. कसली ओझी उचलायला लावतात, म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोड ती नोकरी.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने मला नोकरी सोड म्हटलं. आणि पहिल्यांदाच मी नाही म्हटलं. तो माणूस त्या चाळीस सेकंदांत अडकलाय. मी उठून गेले तर पुढचा येऊन त्याला दिवसातून पन्नास वेळा पाडेल. मी नाही जाणार. त्याला आधी बाहेर काढणार.

१३ मार्च, गुरुवार

सापडलं.

सुताराने विमान फोटोंवरून घडवलंय. त्या कंपनीने चारशे फोटोंचा गठ्ठा पाठवला होता. हँडल का चालत नाही हे शोधायला आम्ही दोघे एकेक फोटो बघत बसलो. वैमानिकाच्या खुर्चीमागे, डोक्याच्या उंचीवर, एक पिन, तिला लाल फडकं बांधलेलं. सुताराला वाटलं खुर्चीचाच भाग असेल, म्हणून त्याने तीही इमानदारीने घडवली. गेमने ती पाहिली आणि खुर्चीला कुलूप लावलं.

मग त्याने माहितीपुस्तक उघडलं. विमान जमिनीवर उभं असताना खुर्ची चुकून उडू नये म्हणून ती पिन असते. उड्डाणाआधी मेकॅनिकने ती मागून काढायची. खुर्चीत बसलेल्या वैमानिकाला ती दिसत नाही आणि तिथवर त्याचा हातही पोचत नाही.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती. विमान पडलं तोच दिवस. शिडी काढलेली, काच बंद, निघायच्या तयारीत. पिन जागच्या जागी. आणि विकल्यावर पहिलं वर्षभर देखभालीला मेकॅनिक त्या कंपनीचेच होते, आणि विमान पडलं ते त्याच वर्षात, हे सुताराने इतक्या हळू सांगितलं की मला त्याच्या ओठांवरून समजलं. एवढ्या फोटोंत हा कुणी नीट पाहिलाच नसावा.

मग नोंदीतले आवाज शेवटपर्यंत ऐकले. श्वासाखाली एक आवाज आहे. खट. खट. खट. मी मोजले. अकरा वेळा.

हात गोठला म्हणे! अकरा वेळा ओढलं त्याने.

१४ मार्च, शुक्रवार

फोटो मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी तो पालथा केला. सोमवारी दुपारी त्या कंपनीची माणसं येणार, त्याआधी हा फोटो, नोंदीतला आवाज आणि माझ्या तक्रारी सगळं पुसायचं, म्हणाले. मी म्हटलं, पुसणार नाही. तर म्हणे, नोकरी जाईल. मी हसले. नोकरी जाण्याची भीती मला घालताय, मास्तर? त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

फोटोच्या चार प्रती काढल्या. एक ताईकडे.

सुतार आधी नाही म्हणाला. दोन तास मान वर केली नाही. मग आला, फक्त माझ्या कॉम्प्युटरवरच्या विमानातली पिन काढली आणि बोटं पँटला पुसली, खरंच काही लागल्यासारखी.

हेडफोन लावला. श्वास नव्हता. नुसती शांतता नव्हे — कुणीतरी कान देऊन ऐकतंय अशी.

सोमवारी सकाळी, ती माणसं यायच्या आत, त्याला बाहेर काढायचं.

१७ मार्च, सोमवार. सव्वादहा.

खुर्चीत बसले. वही मांडीवर. डाव्या हातात दांडा, उजव्यात पेन. दाराला आतून कडी. मास्तर बाहेरून ठोकतायत. ठोकू देत.

समुद्र. वीस सेकंद. हातावर हात आला. मी म्हटलं, आता ओढ. मागे काही नाही. मी स्वतः पाहिलंय.

तीस. दांडा घट्ट धरलाय.

चाळीस —

खट.

ओढलं! एकदाच, आणि — विमानाची काच उडाली — खोलीत वारा, कागद छताला — मिठाचा वास. पडद्यावर हवाई छत्री. उघडली, पूर्ण उघडली. मी ओरडले. बाहेर सुतारही ओरडला.

सुटला. कुणी काही लिहो, सुटला तो.

दहा वीस

विमान पडत नाहीये. आत कुणी नाही तरी उडतंय. दांडा सुटत नाही माझ्या हातातून. खांद्यांवर पट्टे — दिसत नाहीत, पण आवळतायत. पडद्यावरची खुर्ची रिकामी नाही. बाही माझी आहे. निळी, आजचीच.

सुताराने बाहेरून वीज तोडली. दिवे गेले. पडदे चालूच.

आता खाली झुकलं. पाणी जवळ येतंय. माझ्या खुर्चीला हँडल नाही. साधी चाकांची —

भीती वाटते. लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी हात गोठला म्हणायला नको. गोठलेला नाही. लिहितोय. फोटो ताईकडे आहे. पुसा आता काय पुसायचं ते.

दहा पंचवीस

टेबलावरचा फोन वाजला आणि आपोआप स्पीकरवर सुरू झाला. खालच्या स्वागतकक्षातल्या काकू. त्रासलेल्या. म्हणतात, खाली एक माणूस आलाय, ओलाचिंब, सगळ्या फरशीवर पाणी. डोक्यावर हेल्मेट. नाव सांगत नाही, पास नाही, तुलाच विचारतोय. काय करू?

मी म्हटलं वर पाठवा. लवकर. काकू, पळत पाठवा —

म्हणतात, अगं मी सांगायच्या आतच तो जिन्याने वर —